बिनडोळ्याचं पान आणि सोळा महिन्यांचा मॉन्स्टेरा

मोठाली, फाटकी पानं असलेलं, हल्ली प्रत्येक कॅफेच्या कोपऱ्यात दिसणारं झाड म्हणजे मॉन्स्टेरा डेलिसिओसा. राजारामपुरीतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत ते सोळा महिने आहे. घेऊ का, असं मैत्रिणी विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकते.

सुरुवातीलाच फसले. ऑनलाइन साडेतीनशे रुपयांना ‘कटिंग’ मागवलं, तर ओल्या कागदात गुंडाळलेलं एक पान आलं. पाण्यात ठेवल्यावर महिन्याभरात पांढरी मुळं फुटली, मी खूश. कुंडीत लावलं आणि पुढं सगळं ढिम्म. पान हिरवंगार, पण नवं काही येईना. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला शिरोळकडचे मामा आले. त्यांनी ते सरळ उपटून देठ बघितला. “अगं, ह्याला डोळाच न्हाई. बिनडोळ्याची कांडी कधी उगवती व्हय?” जन्म उसात गेलेल्या माणसाला ते एका नजरेत दिसलं. नुसत्या पानालाही मुळं फुटतात, पण कोंब येतो तो खोडाच्या पेरावरच्या डोळ्यातूनच. तेव्हा कटिंग घेताना पान बघू नका, पेर बघा.

त्याच आठवड्यात नर्सरीतून साडेचारशेला रोप आणलं. मामांनी कौतुकानं पोतंभर काळी माती पाठवली. इथं मात्र मामा चुकले. आषाढाच्या झडीत ती माती आठ-आठ दिवस वाळेना, खालची पानं पिवळी पडली, कुंडीला कुबट वास सुटला. उपसून बघितलं तर निम्मी मुळं काळी, बोटानं दाबली की सालपट हातात. हे झाड मूळचं दक्षिण मेक्सिको ते पनामाच्या वर्षावनातलं. पाऊस त्याला नवा नाही, पण तिथं ते मोठ्या झाडाच्या बुंध्याला धरून वर चढतं आणि त्याची बरीच मुळं हवेत असतात. कुजकी मुळं छाटली आणि कोकोपीट, नारळाच्या सोडणाचे तुकडे, जाड वाळू, गांडूळखत आणि मूठभरच माती असं भरलं. आता बोट दोन पेरं खुपसून कोरडं लागलं तरच पाणी. मे महिन्यात तीन-चार दिवसांनी, पावसाळ्यात कधी दहा दिवसांनी.

खरा फरक पडला आधार दिल्यावर. पाइपला काथ्या गुंडाळून मधोमध रोवला, खोड त्याला बांधलं. तोवर वीतभर येणारी पानं दिवाळीपर्यंत दीड वीत झाली, आणि सहाव्या पानाला पहिली भोकं पडली. नवं पान विडीसारखं घट्ट गुंडाळून येतं, दोन-तीन दिवसांत उलगडतं, आणि भोकं त्याच्यात आधीच पाडलेली असतात. ही भोकं कशाला? ख्रिस्तोफर म्यूर यांनी २०१३ साली मांडलेला तर्क मला पटला: जंगलाच्या तळाशी ऊन कवडशांनी येतं. तेवढंच पान भोकं ठेवून मोठ्या जागेत पसरलं, तर कवडसा हुकायची भीती कमी. पण म्हणून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवू नका. तिथं फक्त देठ लांबतात. आमच्याकडं पूर्वेचं कोवळं ऊन मानवलं. एकदा पश्चिमेला ठेवलं, तर एप्रिलमधल्या एका दुपारीच दोन पानांवर करपलेले डाग पडले. ते अजून तसेच आहेत.

किडीचं म्हणाल तर पिठ्या ढेकूण एकदाच आला. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसानं पुसला, गेला. पावसाळ्यात सकाळी पानांच्या टोकांना थेंब लोंबतात, तो आजार नाही. मुळांनी ओढलेलं जास्तीचं पाणी तसं बाहेर पडतं.

घरात रांगतं बाळ किंवा मांजर असेल तर विचार करा. झाड अळूच्या कुळातलं, पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक. कच्च्या अळूनं घसा खवखवतो तसंच, पण जास्त. मामींनी “वडी हुईल का ह्याची?” विचारल्यावर मी हात जोडले. नाव ‘डेलिसिओसा’ आहे ते फळामुळं. ते पिकायला वर्षभर लागतं, आणि कच्चं तेही खवखवतंच. कुंडीतल्या झाडाला फळ धरेल ही आशा मी ठेवलेली नाही.

गेल्या महिन्यात दोन डोळ्यांची कांडी कापून मामांना दिली. त्यांनी ती उसासारखी आडवी, डोळा वर करून, विहिरीजवळच्या आंब्याच्या बुडाशी लावली. मातीत शेणखत आणि वाळू घातली का, हे मी फोनवर तीनदा विचारलं. काल फोटो आला: कोंब फुटलाय, आणि बाजूला मामांचं काळ्या मातीनं भरलेलं बोट.