बेलिफची नोटीस आली तर: ‘नॅशनल डेटलाइन’ या सेवेचं परीक्षण, बडोद्याच्या घरांसाठी

इंग्लंडात शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मुलाच्या दारात काउन्सिल टॅक्सच्या, म्हणजे काउन्सिल या तिथल्या पालिकेच्या कराच्या, थकबाकीसाठी बेलिफची, म्हणजे वसुली अधिकाऱ्याची, नोटीस पडली, की बडोद्याहून बहुधा एकच उत्तर जातं: ‘किती आहेत सांग, आजच पाठवतो.’ जरूर पाठवा, पण उद्या. आज, ज्याच्या नावाची नोटीस आहे त्याला नॅशनल डेटलाइनशी बोलू द्या. मनी ॲडव्हाइस ट्रस्ट या धर्मादाय संस्थेची ही सेवा फुकट आहे. सल्ला फोनवर मिळतो, वेबचॅटवरही मिळतो. पुढे लिहिलंय ते इंग्लंडपुरतं. स्कॉटलंडात ही सेवा चालते, पण तिथे हे काम शेरिफ ऑफिसर करतात आणि नियमही निराळे.

आधी एक घोळ मिटवू. बडोद्यात घरवेरा, म्हणजे घरपट्टी, मिळकतीवर बसतो. थकला की महापालिका दुकानाला सील ठोकते, पाण्याचं कनेक्शन तोडते, म्हणजे वसुली मिळकतीच्या मागे लागते. काउन्सिल टॅक्स राहणाऱ्या माणसावर बसतो, भाडेकरूवरसुद्धा. ‘घर आपलं नाही, मग वेरा आपला कसा?’ हा दांडिया बाजारातून विचारलेला प्रश्न रास्त आहे, पण उत्तर तेच राहतं. अपवाद एक, आणि तो आपल्या मुलांच्या फार कामाचा: मालकानं खोल्या सुट्या सुट्या भाड्यानं दिल्या असतील आणि स्वयंपाकघर, बाथरूम सामायिक असेल, तर असा टॅक्स बहुधा मालकाकडे जातो. करारात खोलीचा उल्लेख आहे की अख्ख्या घराचा, हे आधी बघा. सल्लागारही पहिल्या काही प्रश्नांत हेच विचारतो, आणि इथेच सेवेवर विश्वास बसतो. ‘पैसे कसे फेडणार’ याआधी ‘हे देणं मुळात तुमचं आहे का’ हे तपासलं जातं.

आपल्याकडच्या मुलांचं देणं बहुतेक वेळा एका ठरावीक जागी सुरू होतं. पूर्णवेळ विद्यार्थ्याला काउन्सिल टॅक्स लागत नाही. मास्टर्स संपलं, व्हिसा बदलून नोकरीची शोधाशोध सुरू झाली, की ही सवलत कोर्स संपण्याच्या तारखेला थांबते. बिल जुन्या पत्त्यावर येतं, मुलगा तोवर दुसरीकडे राहायला गेलेला. हप्ता चुकला की स्मरणपत्र येतं आणि ७ दिवसांची मुदत मिळते. तीही चुकली की हप्त्यांची सोय जाते आणि अख्ख्या वर्षाची रक्कम एकदम देय होते. मग समन्स आणि मॅजिस्ट्रेट कोर्टाची लायबिलिटी ऑर्डर, म्हणजे हे देणं तुमचंच असल्याचा आदेश. हे सगळं बंद पाकिटात घडतं. मुलाला पहिली बातमी लागते ती बेलिफच्या पत्रानं. अशा वेळी विद्यापीठाकडून कोर्सच्या सुरुवातीची आणि शेवटची तारीख असलेलं प्रमाणपत्र मागवून काउन्सिलला ईमेल करा. विद्यार्थी असतानाच्या महिन्यांची रक्कम मागच्या तारखेपासून वजा होते आणि कित्येकदा निम्मं ओझं तिथेच उतरतं.

आता पैशांचा हिशोब. बेलिफची फी कायद्यानं टप्प्यांत बांधली आहे. २०१४ मध्ये ती ठरली तेव्हा पहिला टप्पा, म्हणजे प्रकरण बेलिफकडे गेल्यावर पत्रव्यवहाराचा, ७५ पौंड होता. दुसरा, म्हणजे माणूस प्रत्यक्ष दारात येण्याचा, २३५ पौंड. आणि माल उचलून विकण्याचा ११० पौंड. १,५०० पौंडांच्या वर जेवढं देणं असेल त्यावर दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यात साडेसात टक्के आणखी. खरी लढाई पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यामधल्या फटीत असते. पहिल्या टप्प्यात हप्ते बांधून घेतले आणि पाळले, तर दारातली मोठी फी लागतच नाही. दुसरं, ती फी दर फेरीची नसते. चारदा आला तरी एकदाच. दोन वर्षांच्या दोन ऑर्डरी एकाच कंपनीकडे असतील, तर पहिल्या टप्प्याची फी दोनदा लागू शकते, पण दारात येण्याची एकदाच लागायला हवी, कारण दोन्ही वसुल्या शक्य तिथे एकत्र करणं बेलिफला बंधनकारक आहे. पत्रात ती दोनदा दिसली तर लेखी हरकत घ्या.

दारात येण्याआधी एन्फोर्समेंटची, म्हणजे जप्ती-वसुलीची, नोटीस द्यावी लागते आणि तिच्यानंतर ७ पूर्ण दिवस जावे लागतात. नोटिशीचा दिवस मोजायचा नाही, रविवार आणि बँक हॉलिडे मोजायचे नाहीत. सोमवारी नोटीस मिळाली तर मंगळ १, बुध २, गुरू ३, शुक्र ४, शनि ५, रविवार सोडा, सोम ६, मंगळ ७. म्हणजे बुधवारच्या आधी कोणी माल ताब्यात घ्यायला येऊ शकत नाही. नोटिशीवर शेवटची तारीख आणि वेळ छापलेली असते; ती या हिशोबाशी जुळते का ते बघा. फोन करायचा तो याच दिवसांत. शेवटच्या दिवसावर ढकलू नका.

फोन करताना समोर हे सगळं हवं: लायबिलिटी ऑर्डरचा क्रमांक, काउन्सिलचा खातेक्रमांक, बेलिफ कंपनीचं पत्र, तीन महिन्यांची बँक स्टेटमेंट, भाडेकरार. सल्लागार महिन्याचं अंदाजपत्रक करून घेतो. भाडं, वीज, जेवणखाण, बसपास वजा जाता जे उरतं तेवढाच हप्ता कबूल करायचा. आपल्या माणसांचं नेमकं इथे चुकतं. घाबरून महिन्याला ३०० कबूल करतात, दुसऱ्याच महिन्यात हप्ता तुटतो आणि बेलिफ दारात येतो. ४० पौंड खरोखर भरता येत असतील तर ४०च सांगा, सोबत अंदाजपत्रक जोडा आणि उत्तराची वाट न बघता पहिला हप्ता भरून टाका.

घरात दुर्बल माणूस असेल तर नियम बदलतात, आणि या सेवेचा सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे. गरोदर सून, आजारी किंवा दिव्यांग माणूस, एकटी आई, नुकतंच घरात मरण झालेलं, मानसिक आजार, इंग्रजी नीट न समजणारे वयस्कर आईबाबा, हे सगळे ‘व्हल्नरेबल’ या सदरात येऊ शकतात. कायद्याची यादी पक्की नाही, म्हणून ते सांगावं लागतं, आणि लेखी सांगावं लागतं. देणेकरी स्वतःच दुर्बल असेल, तर माल उचलण्यापूर्वी त्याला मदत आणि सल्ला घेण्याची पुरेशी संधी दिल्याशिवाय दुसऱ्या टप्प्याची फी बेलिफला वसूल करता येत नाही. घरात फक्त दुर्बल व्यक्ती किंवा १६ वर्षांखालचं मूल असेल तर बेलिफनं आत यायचंच नसतं.

पत्राचे नमुने सेवेच्या वेबसाइटवर मिळतात. एकच पत्र दोघांना पाठवा, काउन्सिलला आणि बेलिफ कंपनीच्या वेल्फेअर टीमला. त्यात मोजकं लिहा: कोण, काय अडचण, तिच्यामुळे नेमकं काय जमत नाही, आणि तुमची मागणी काय. मागणीची वाक्यं स्पष्ट असावीत: कारवाई थांबवा, प्रकरण काउन्सिलकडे परत पाठवा, दारात येण्याची फी काढून टाका. पुराव्यादाखल गरोदरपणासाठी सुईण किंवा डॉक्टर देतात तो मॅट बी वन दाखला, आजारासाठी औषधांच्या चिठ्ठ्या वा हॉस्पिटलचं पत्र, मानसिक आजारासाठी कर्ज आणि मानसिक आरोग्याचा ठरावीक फॉर्म, जो भरून देण्यासाठी इंग्लंडात जीपीनं, म्हणजे फॅमिली डॉक्टरनं, पैसे घ्यायचे नसतात. ‘आम्ही फार त्रासात आहोत’ एवढंच लिहिलेलं पत्र फाइलमध्ये पडून राहतं. ‘आईला पार्किन्सन आहे, ती फोन धरू शकत नाही, इंग्रजी वाचू शकत नाही’ या वाक्यावर मात्र कोणाला तरी निर्णय घ्यावा लागतो.

याहून बळकट हत्यार म्हणजे ब्रीदिंग स्पेस. ४ मे २०२१ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये ही कायदेशीर सवड आहे: ६० दिवस बेलिफ थांबतात आणि त्या देण्यावर व्याज किंवा नवी फी चढत नाही. तुम्ही स्वतः अर्ज करू शकत नाही. तो मान्यताप्राप्त कर्ज-सल्लागारामार्फतच होतो. म्हणून ही सेवा नुसती माहिती देणारी राहत नाही. बारा महिन्यांत एकदाच मिळते, तेव्हा ती कधी वापरायची हे सल्लागारासोबत ठरवा. चालू महिन्यांची बिलं मात्र भरत राहावी लागतात, नाहीतर मध्यावरच्या तपासणीत ही सवड रद्द होऊ शकते. मानसिक आरोग्याच्या संकटकालीन उपचारांत असलेल्या माणसासाठी वेगळी सवड आहे. ती उपचार चालू असेपर्यंत आणि त्यापुढे ३० दिवस चालते.

तरीही दार वाजलंच तर? काउन्सिल टॅक्ससाठी पहिल्या भेटीत बेलिफ दार तोडू शकत नाही, ढकलून आत येऊ शकत नाही, खिडकीतून शिरू शकत नाही. उघड्या दारानं मात्र येऊ शकतो, मागच्या दारानंसुद्धा. म्हणून सगळी दारं कडी-कुलुपात ठेवा आणि बोलायचं ते टपालाच्या फटीतून. आपल्याकडे दारात आलेल्याला ‘या, बसा, पाणी घ्या’ म्हणायची सवय. आईबाबा तिकडे राहायला गेले असतील तर त्यांना हे जायच्या आधीच समजावून सांगा. एकदा शांतपणे आत आला आणि मालाच्या यादीसह हप्त्यांच्या करारावर सही झाली, की तो करार मोडल्यास तो जबरदस्तीनं परत येऊ शकतो. ती सही करू नका. गाडी रस्त्यावर उभी असेल तर तिला कुलूप लागू शकतं, तेव्हा ती लांब कुठेतरी लावा. पलंग-अंथरूण, फ्रिज, कपडे धुण्याचं मशीन, एक फोन, औषधोपचाराची साधनं, आणि धंद्या-शिक्षणाची १,३५० पौंडांपर्यंतची साधनं जप्तीतून वगळलेली आहेत.

सेवेच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ही ‘तुम्हीच करा, आम्ही मार्ग दाखवतो’ पद्धतीची मदत आहे. पत्र तुम्ही लिहायचं, बेलिफशी तुम्ही बोलायचं. सुशिक्षित, धीराच्या मुलाला हे चांगलं जमतं. नैराश्यात पाकिटं उघडणंच थांबवलेल्या माणसाला ते पुरत नाही. त्यानं गावातल्या सिटिझन्स ॲडव्हाइस या फुकट सल्ला देणाऱ्या संस्थेच्या ऑफिसात कोणाला तरी सोबत घेऊन जावं, म्हणजे समोरासमोर बसून काम होईल. बडोद्याहून वडिलांनी परस्पर बोलून फारसं साधत नाही, कारण संमतीशिवाय दुसऱ्याच्या खात्यावर कोणी बोलत नाही. वडिलांनी व्हिडिओ कॉलवर सोबत बसावं, कागद लावून द्यावेत.

व्हिसाचा सल्ला इथे मिळत नाही आणि एक खड्डा तिथेच आहे. कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारी काउन्सिल टॅक्स रिडक्शन ही कपात ‘पब्लिक फंड’, म्हणजे सरकारी मदत, मानली जाते. ज्याच्या व्हिसावर पब्लिक फंडाची मनाई आहे त्यानं तो अर्ज इमिग्रेशनच्या जाणकाराला विचारल्याशिवाय करू नये. एकट्या राहणाऱ्याची २५ टक्के सूट आणि विद्यार्थ्याची माफी मात्र पब्लिक फंडात मोडत नाही. ती निर्धास्त मागावी.

बेलिफनं नियम मोडले तर तक्रार काउन्सिलकडेच करा, कारण तिनं नेमलेल्या बेलिफची जबाबदारी तिचीच असते. तारीख, वेळ, बेलिफचं नाव आणि दाराबाहेरून केलेलं रेकॉर्डिंग सोबत द्या. काउन्सिलच्या अंतिम उत्तरानं समाधान झालं नाही तर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समन या काउन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे जाता येतं, तेही फुकट, पण साधारणपणे घटना कळल्यापासून १२ महिन्यांच्या आत.