ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर हिवाळाभर वापरून: टाकीच्या प्रेशर सेन्सरचं निदान

आधी निकाल सांगून टाकतो. गाडीच्या ओबीडी पोर्टला, म्हणजे बिघाडाची माहिती देणाऱ्या सॉकेटला, लावून फोनशी जोडायचा हा छोटा अडॅप्टर घ्या, पण नुसता बिघाडाचा कोड वाचायला घेऊ नका. कोड इथे न्यू जर्सीत ऑटो पार्ट्सच्या दुकानातही फुकट वाचून देतात. पैसे वसूल होतात ते लाइव्ह डेटामध्ये, म्हणजे सेन्सरांचे चालू आकडे बघण्यात, आणि तो बघायची तयारी नसेल तर ही वस्तू ग्लोव्ह बॉक्समध्ये पडून राहील.

माझी गाडी २०११ची जपानी सेडान. थंडी सुरू झाली आणि चेक इंजिनचा दिवा लागला. गाडी चालायला ठणठणीत, मायलेज तेच, कुठे पेट्रोलचा वास नाही. कोड निघाला पी०४५२, म्हणजे पेट्रोलच्या टाकीच्या प्रेशर सेन्सरचा सिग्नल प्रमाणाबाहेर खाली. एका गॅरेजने कोड बघितल्या बघितल्या चारकोल कॅनिस्टर, दोन्ही व्हॉल्व्ह आणि सेन्सर असं सगळंच बदलायचं एस्टिमेट हातात ठेवलं. आकडा बघून डोळे पांढरे झाले. बरं, तपासणी काय केली असं विचारलं तर उत्तर एकच: "कोड आलाय ना." त्यानंतर पस्तीसेक डॉलरचा अडॅप्टर आणि अँड्रॉइडवरचं एक विकतचं अ‍ॅप घेतलं.

थोडं यंत्रणेबद्दल, नाहीतर पुढचं कळणार नाही. टाकीतली पेट्रोलची वाफ हवेत न सोडता कोळशाच्या डब्यात, म्हणजे चारकोल कॅनिस्टरमध्ये साठवतात आणि इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्हमधून ओढून जाळतात. अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून ओबीडी-२ सक्तीचं आहे, आणि इथल्या गाड्यांचा कॉम्प्युटर ही यंत्रणा गळते का तेही स्वतः तपासतो. बाहेरच्या हवेची वाट अडवणारा व्हेंट व्हॉल्व्ह बंद करायचा, इंजिनच्या ओढीने टाकीत थोडा व्हॅक्यूम आणायचा आणि तो टिकतो का बघायचं. ०.०२० इंच, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या भोकाची गळतीसुद्धा यात पकडली जाते. इतकं बारीक मोजायचं म्हणून हा सेन्सरही भलताच नाजूक: अनेक गाड्यांत त्याचा पल्ला वातावरणाच्या दाबाच्या वरखाली साधारण साडेतीन हजार पास्कल, म्हणजे जेमतेम अर्धा पीएसआय. टायरमध्ये आपण बत्तीस-पस्तीस पीएसआय भरतो, त्यावरून अंदाज घ्या.

म्हणूनच पी०४५२ आणि पी०४५५ यांत गल्लत करू नये. ०४५५, ०४४२, ०४५६ हे गळतीचे कोड, ०४५७ बहुतेक वेळा ढक्कन नीट न लागल्याचा. ०४५० ते ०४५४ हे सेन्सर आणि त्याच्या वायरिंगचे. दुसऱ्या प्रकारचा कोड आला असताना कॅनिस्टर बदलायला सांगणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

अ‍ॅपमध्ये सगळ्यात आधी कामी आली ती फ्रीझ फ्रेम. कोड नोंदला गेला त्या क्षणीचे आकडे त्यात जपलेले असतात. माझ्या नोंदीत कूलंट आणि आत येणारी हवा, दोन्हींचं तापमान शून्याखाली होतं. म्हणजे रात्रभर बाहेर गारठलेली गाडी सकाळी सुरू केली तेव्हाच बिघाड झाला. या पानाचा स्क्रीनशॉट काढल्याशिवाय कोड क्लिअर करू नका, कोडबरोबर हेही पुसलं जातं.

मग ढक्कनाची चाचणी. पेट्रोलचं झाकण काढलं की टाकीतला दाब आणि बाहेरचा दाब एकच, त्यामुळे आकडा शून्याच्या आसपास यायलाच हवा. दुपारी बघितलं तर अगदी बरोबर. कडाक्याच्या थंडीतल्या सकाळी इग्निशन ऑन केलं, इंजिन बंदच ठेवलं, झाकण हातात, आणि फोन सांगतोय उणे ३,४०० पास्कल. उघड्या टाकीत एवढा व्हॅक्यूम राहणं शक्यच नाही. व्हॉल्व्ह आणि कॅनिस्टर तिथल्या तिथे निर्दोष सुटले. उरले सेन्सर, कनेक्टर आणि वायर.

इथे स्कॅनरची हद्द संपते. पुढचं काम मल्टिमीटरचं, आणि जाहिरातीत हे कोणी सांगत नाही. माझ्या गाडीत मागच्या सीटची गादी उचलली की टाकीवरचं गोल झाकण दिसतं आणि सेन्सर त्याच्याखालीच आहे. सगळ्यांचं नशीब एवढं चांगलं नसतं, काही गाड्यांत टाकी खाली उतरवावी लागते. वायरी तीन: पाच व्होल्टचा पुरवठा, ग्राउंड आणि सिग्नल. कनेक्टर जोडलेलाच ठेवून मागून बारीक पिना सरकवल्या. पुरवठा ५.०२, ग्राउंड चोख, सिग्नल ०.३. टाकी उघडी असताना हा सिग्नल माझ्या गाडीत अडीचच्या आसपास हवा; काही कंपन्यांच्या गाड्यांत दीडच्या आसपास असतो, तेव्हा आपल्या गाडीचं मॅन्युअल बघा. पाच व्होल्ट पोचतच नसते तर सेन्सरला दोष देण्यात अर्थ नव्हता. इथल्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात, त्याने कनेक्टर सडतात, म्हणून तोही साफ केला आणि वायरी हलवून बघितल्या, आकडा ढिम्म. इग्निशन बंद करून, सेन्सर काढून सिग्नलची वायर कुठे ग्राउंडला टेकतेय का तेही तपासलं. नव्हती. सेन्सरच गेला होता. (पेट्रोलच्या वाफेजवळ काम आहे. दारं उघडी ठेवा, टेस्ट लॅम्प किंवा ठिणगी उडेल असं काही वापरू नका.)

नवा सेन्सर मूळ कंपनीचाच घेतला, साठेक डॉलरला, सोबत नवी ओ-रिंग. त्यानंतर गारठ्यातही झाकण काढलं की आकडा शून्याजवळ येतो.

आता तक्रारी. ब्लूटूथ मनात येईल तेव्हा जोडलं जातं. कधी फोनच बंद करून चालू करावा लागतो. आकडे ताजे व्हायचा वेग कमी आहे, त्यामुळे क्षणभर तुटणारा सिग्नल यात दिसेलच असं नाही. व्हेंट बंद कर, पर्ज उघड असे हुकूम माझ्या गाडीला यातून देता येत नाहीत, त्यासाठी गॅरेजवाल्यांचा महागडा स्कॅनरच लागतो. आणि सोळा पिनांच्या त्या पोर्टला बॅटरीचा करंट गाडी बंद असतानाही मिळत राहतो. गाडी बरेच दिवस उभी ठेवणार असाल तर अडॅप्टर काढून ठेवा. विकत घेताना 'ईएलएम ३२७, व्हर्जन १.५' (ईएलएम ३२७ म्हणजे आतली चिप) असं छापलेले अगदी स्वस्त अडॅप्टर टाळा. मूळ चिप बनवणाऱ्या कॅनडातल्या कंपनीने १.५ नावाचं व्हर्जन कधी काढलंच नव्हतं.

गाडीचं सरकारी इन्स्पेक्शन जवळ आलं असेल तर एक लक्षात ठेवा. कोड क्लिअर केले की गाडीच्या सगळ्या स्वयंचाचण्या 'अपूर्ण' होतात, आणि इव्हॅपची, म्हणजे वाफेच्या या यंत्रणेची, बहुधा सगळ्यात शेवटी पूर्ण होते. तिला टाकी साधारण १५ ते ८५ टक्के भरलेली लागते, गाडी रात्रभर थंड झालेली लागते, हवाही फार गार चालत नाही. २००१ आणि नंतरच्या गाड्यांना एक चाचणी अपूर्ण असली तरी सहसा पास करतात, पण दिवा लागलेला असला तर नापासच. अ‍ॅपमधल्या रेडीनेसच्या (चाचण्या पूर्ण की अपूर्ण) पानावर हे आधी दिसतं, आणि चकरा वाचतात.

पुण्याहून मेहुण्याने विचारलं, एक माझ्यासाठी आणशील का? आणेन, पण या कामासाठी नाही. तिथले नियम युरोपच्या वळणाचे, टाकीची गळती शोधण्याची अशी सक्ती नाही, त्यामुळे बहुतेक गाड्यांत हा सेन्सरच नसतो. पोर्ट मात्र तोच आहे. कूलंट, बॅटरीचं व्होल्टेज, ऑक्सिजन सेन्सर हे सगळं त्याला तिथेही नीट दिसेल. टाकीच्या दाबाची ओळ तेवढी रिकामी राहील.