भुज ते जैसलमेर, ड्रायव्हरसकट गाडी: आई-बाबा सोबत असतील तर हेच करा

आधीच सांगते, भुजहून निघून कच्छच्या रणाला लागून वर थर वाळवंटाच्या कडेकडेने जैसलमेर गाठायचं असेल आणि सोबत सत्तरीचे आई-बाबा असतील तर सेल्फ-ड्राइव्हच्या नादी लागू नका. भुजमधूनच लोकल ड्रायव्हर असलेली गाडी घ्या. आम्ही तिथल्या एका छोट्या ट्रॅव्हलवाल्याकडून डिझेल इनोव्हा घेतली. सीएनजीवाली स्वस्त पडत होती, पण रणाच्या पट्ट्यात सीएनजी कुठे शोधणार आणि डिकीत टाकी असली की बॅगा कुठे ठेवणार.

गाडी ठीकठाक होती, मागच्या सीटपर्यंत एसी नीट पोचत नव्हता, दुपारी आईला त्रास झाला, त्याचा अर्धा स्टार कापलाय. बाकी सगळे स्टार ड्रायव्हरभाईंना. भुजच्या वरच्या बन्नी या गवताळ भागातले, कमी बोलणारे, पण कुठे किती वाजता असायला हवं हे त्यांना पक्कं माहीत, आणि या रूटवर सगळा खेळ वेळेचाच आहे. उदाहरण सांगते. काळो डुंगर या डोंगरावर दत्ताचं देऊळ आहे, तिथे आरतीनंतर कोल्ह्यांसाठी भाताचा प्रसाद ठेवतात. बाबा दत्तभक्त, त्यांना ते बघायचंच होतं, तर भाईंनी खावडा गावात मेसूक ही तिथली मिठाई घ्यायला थांबूनसुद्धा बरोबर आरतीच्या वेळेला वर पोचवलं आणि तिथून उतरून उजेड असतानाच रणातला रस्ता पार केला.

तो खावडा-धोलावीरा रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंना नुसतं रण आणि मधून सरळ डांबरी पट्टी. पावसाळ्यानंतर काही महिने दोन्हीकडे पाणी असतं, ते आटत गेलं की पांढरं मीठ दिसायला लागतं, त्यामुळे नोव्हेंबरात गेलेल्याचे फोटो आणि फेब्रुवारीत गेलेल्याचे फोटो बघून एकच रस्ता वाटणार नाही. मधे हॉटेल, टपरी, टॉयलेट काही नाही, भाईंनी खावड्यातच सगळ्यांना आठवण करून दिली, म्हाताऱ्या माणसांसोबत हे फार महत्त्वाचं असतं. धोलावीरा २०२१ साली जागतिक वारसा यादीत आलं. बाबा तिथले दगडी हौद बघून हललेच नाहीत, मनसर आणि मनहर या दोन पावसाळी ओढ्यांचं पाणी बांध घालून हौदांत वळवणारं हडप्पाकाळातलं शहर, तेही रणातल्या या कोरड्या बेटावर! गाईड तिथलाच गावातला भाईंनी बघून दिला आणि त्यासाठी कमिशन-बिमिशनचा विषय निघाला नाही.

पुढे रापर, सांतलपूर, राधनपूर, थराद, सांचोर, बाडमेर हा लांबचा टप्पा. तो कंटाळवाणा असेल असं वाटलेलं, पण सांचोरकडे नर्मदेचा कालवा पोचल्यापासून जिरं, इसबगोल, डाळिंब असं काय काय पिकतं ते खिडकीतून दिसत राहतं. गांधवजवळ महामार्ग ९२५ए वर विमानं उतरवण्यासाठी ३ किलोमीटरची धावपट्टी केलीय, सप्टेंबर २०२१ मध्ये उद्घाटन झालं, माझा भाऊ त्यासाठी हट्टाला पेटला म्हणून भाईंनी तेवढी वाट वाकडी केली. अंधार पडल्यावर मात्र त्यांनी गाडी चालवायला साफ नकार दिला. गायी, नीलगायी, उंट अचानक रस्त्यावर येतात आणि समोरच्या ट्रकच्या लाइटमध्ये दिसतच नाहीत. आम्हाला बाडमेरच्या अलीकडेच मुक्काम करावा लागला, तेव्हा भाऊ वैतागला होता, पण मला ते शंभर टक्के पटलं.

बाडमेर-जैसलमेर रस्त्यावर अकलचं लाकडाच्या जीवाश्मांचं पार्क आहे, जैसलमेरच्या १७-१८ किलोमीटर अलीकडे, ते सोडू नका. जुरासिक काळातली झाडं दगड होऊन पडलीत, आणि आज तिथे नीट सावलीसुद्धा नाही. याच भागात माळढोक आहे, तिकडे गोडावण म्हणतात. आमच्या सोलापूरच्या नान्नजला माळढोकाची काय अवस्था झालीय ते माहीत असल्यामुळे पवनचक्क्या आणि विजेच्या तारांचं जंगल बघून पोटात कालवलं. जड पक्षी, समोरचं नीट दिसत नाही, तारांना धडकून मरतो. आम्हाला एकही दिसला नाही.

जेवणाचं पण भाईंवरच सोडा. गुजरातेत बाजरीचा रोटलो, लसणाची चटणी, ताक. राजस्थानात केर-सांगरीची भाजी, त्यातली सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली दसऱ्याची शमीच, हे कळल्यावर आईने दुसऱ्यांदा वाढून घेतली.

जैसलमेरहून लोंगेवाला-तनोट हा पाकिस्तान सीमेकडचा फेरा साधारण पूर्ण दिवसाचा धरा. भाईंनी रामगढला टाकी फुल केली आणि मगच पुढे निघाले. तनोटच्या देवळाची व्यवस्था बीएसएफ (सीमा सुरक्षा दल) बघतं, न फुटलेले तोफगोळे आत ठेवलेत. लोंगेवाल्याला डिसेंबर १९७१ च्या लढाईतले रणगाडे आहेत, बाबा तिथे बराच वेळ गप्प उभे होते.

आता पैशांचं, कारण माझी खरी तक्रार इथेच आहे. भाव किलोमीटरवर असतो, रोजचे किमान किलोमीटर धरतात, ड्रायव्हर भत्ता, टोल, पार्किंग वेगळं. एकाच बाजूला सोडायचं असेल तर रिकामी गाडी भुजला परत जाण्याचे किलोमीटरही तुमच्याच बिलात. हे आम्हाला सांगितलं होतं, पण गुजरातची गाडी राजस्थानात नेताना लागणाऱ्या टॅक्सचं शेवटी बिलात कळलं, हे चुकीचं आहे. बुकिंग करतानाच परमिट-टॅक्स धरून एकूण रक्कम व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा, ड्रायव्हरच्या झोपायची सोय कोण करणार तेही विचारा, आणि मागच्या सीटवर बसून एसी तपासल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.