स्नॅपड्रॅगन लॅपटॉप कर सल्लागाराच्या कामात : पावसाळ्यापासून ऊस हंगामाअखेरपर्यंतचा अनुभव

गेल्या वर्षी पावसाळा तोंडावर असताना मी स्नॅपड्रॅगन एक्स मालिकेतील प्रोसेसर असलेला विंडोज लॅपटॉप घेतला आणि आता साखर कारखान्यांचे गाळप आटोपत आले असताना त्याविषयी सविस्तर लिहीत आहे. मी कोल्हापुरात कर सल्लागार आहे. जीएसटीची विवरणपत्रे भरणे, कंपन्यांची कागदपत्रे ऑनलाइन दाखल करणे आणि शिरोली व गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींतील फाउंड्रींमध्ये, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांमध्ये, बसून साठ्याची व हिशेबाची पडताळणी करणे हे माझे काम असल्यामुळे हा अनुभव त्याच कामापुरता आहे.

विंडोज म्हटले की इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर, असे समीकरण अनेक वर्षे होते. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये ॲपलने एम1 चिप आणली आणि मोबाइलमध्ये वापरली जाणारी एआरएम रचना लॅपटॉपमध्येही उत्तम चालते हे सर्वांनी पाहिले. पुढे मे 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘कोपायलट प्लस पीसी’ हा एआयची कामे स्वतःच करू शकणाऱ्या संगणकांचा वर्ग जाहीर केला आणि त्याचे पहिले लॅपटॉप क्वालकॉम कंपनीच्या स्नॅपड्रॅगन एक्स या एआरएम रचनेच्या चिपवर आले.

बॅटरीबाबत माझे पूर्ण समाधान आहे. सकाळी चार्ज करून निघालो की दिवसभर एक्सेल, ब्राउझर आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर चालवूनही संध्याकाळी घरी येईपर्यंत चार्जरची आठवण होत नाही. फाउंड्रीत बसून काम करणाऱ्याला याचे मोल विशेष कळते, कारण भट्टी चालू असताना तेथील व्होल्टेज खालीवर होते आणि तेथल्या प्लगला महागडे यंत्र जोडण्यास मन धजत नाही. याहून महत्त्वाचा फायदा पंख्याचा आहे. मोल्डिंगच्या वाळूची बारीक धूळ पंख्यातून आत जाऊन लॅपटॉप तापू लागतो, हे या वसाहतींत काम करणाऱ्या कोणालाही सांगावे लागणार नाही. या लॅपटॉपचा पंखा माझ्या कामात क्वचितच फिरतो, त्यामुळे आत ओढली जाणारी धूळही तितकीच कमी.

एक्सेल आणि क्रोम यांच्या एआरएमसाठी तयार केलेल्या आवृत्त्या असल्याने ते झटकन उघडतात. हिशेबाचे सॉफ्टवेअर मात्र इंटेल पद्धतीच्या आज्ञांवर बेतलेले आहे. अशा सॉफ्टवेअरसाठी विंडोज 11 मध्ये ‘प्रिझम’ नावाचा दुभाषा बसवलेला आहे. तो त्या आज्ञांचे एआरएमच्या आज्ञांत रूपांतर करतो आणि केलेले रूपांतर साठवून ठेवतो. मोठ्या गिऱ्हाइकाचा वर्षभराचा डेटा उघडताना थोडा वेळ जास्त लागतो, एरवी फरक जाणवत नाही. विंडोजमधील मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डही अडचणीविना चालतो.

खरी अडचण यूएसबीला जोडायच्या उपकरणांची आहे आणि आमच्या व्यवसायातील प्रत्येकाने ती खरेदीपूर्वी नीट समजून घ्यावी. प्रिझम सॉफ्टवेअरचे रूपांतर करतो, परंतु ड्रायव्हरचे, म्हणजे जोडलेले उपकरण चालवण्यासाठी विंडोजच्या गाभ्यात चालणाऱ्या प्रोग्रॅमचे, करू शकत नाही. तो ड्रायव्हर उत्पादकानेच एआरएमसाठी नव्याने तयार करून द्यावा लागतो. माझ्याकडील डिजिटल सहीच्या टोकनसाठी, म्हणजे ती सही ज्यात साठवलेली असते त्या यूएसबी उपकरणासाठी, असा ड्रायव्हर मिळाला नाही, आणि विक्रेत्याकडे वारंवार विचारणा करूनही ‘पुढे येईल’ यापलीकडे उत्तर आले नाही. मालकी व्यवसायाचे जीएसटी विवरणपत्र ओटीपीने भरता येते, पण कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) असेल तर डिजिटल सही लागतेच. कार्यालयातील जुन्या प्रिंटरचीही हीच कथा आहे. नेटवर्कवरून छपाई होते, स्कॅनिंग होत नाही.

परिणामी सहीसाठी मला जुना डेस्कटॉप ठेवावा लागला आहे. तो सातव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा असल्याने विंडोज 11 च्या अटींत बसत नाही, आणि विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. वाढीव सुरक्षा अद्यतनांसाठी नोंदणी केली असली तरी तीही 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतच मिळतील. ज्या यंत्रावर गिऱ्हाइकांच्या सह्या होतात, तेच सर्वांत कमी सुरक्षित असावे, ही गोष्ट मला मनापासून खटकते.

ज्या एआयच्या नावाने हे लॅपटॉप विकले जातात, त्याविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे. यातील एनपीयू, म्हणजे एआयच्या गणितांसाठीचा चिपमधील खास भाग, सेकंदाला 45 लाख कोटी गणिते करू शकतो, पण माझ्या कामात त्याचा उपयोग व्हिडिओ बैठकीत पार्श्वभूमी धूसर करण्यापुरता झाला. पडद्याची छायाचित्रे साठवून जुने काम शोधून देणारी ‘रिकॉल’ सुविधा ज्या मोजक्या भाषांसाठी सिद्ध केलेली आहे, त्यांत मराठी नाही. आणि असती तरी दुसऱ्यांच्या आर्थिक कागदपत्रांची चित्रे आपोआप साठवणारी सोय मी चालू केली नसती.

मेमरीकडे मात्र आज अधिक लक्ष द्यायला हवे. यातील 16 जीबी रॅम बोर्डावरच जोडलेली आहे, ती नंतर वाढवता येत नाही. एआय सर्व्हरसाठी लागणाऱ्या मेमरीकडे सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिन्ही मोठ्या उत्पादकांनी आपली क्षमता वळवल्यामुळे 2025 च्या अखेरीपासून साध्या रॅमचे भाव चढले, आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉनने ग्राहकांना दुकानांत मिळणाऱ्या आपल्या ‘क्रुशल’ रॅमचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. त्यामुळे आज असा लॅपटॉप घेणाऱ्याने पुढील पाच वर्षांचा विचार करून, परवडत असल्यास 32 जीबीचाच घ्यावा.

शिक्षक, लेखक, पत्रकार किंवा ज्यांचे काम ब्राउझर आणि ऑफिसमध्ये होते, त्यांना मी हा लॅपटॉप निःशंकपणे सुचवेन. कर सल्लागार व सनदी लेखापालांनी मात्र, दुकान कोल्हापूरच्या राजारामपुरीतील असो वा शाहूपुरीतील, तेथे जाताना आपले टोकन सोबत न्यावे आणि पैसे देण्यापूर्वी ते लॅपटॉपला जोडून एक सही करून पाहावी. मी स्वतः हा लॅपटॉप वापरत राहणार आहे. पण जुन्या डेस्कटॉपच्या जागी ऑक्टोबरपूर्वी जो संगणक घेईन, तो इंटेल किंवा एएमडीचाच असेल.