गच्चीवरचं तीन किलोवॅट सोलर : गुहागर तालुक्यातला अनुभव

पॅनलला साडेचार तारे, इन्व्हर्टरला साडेतीन, इन्व्हर्टरच्या ॲपला दोन. बसवून देणाऱ्या चिपळूणच्या कंत्राटदाराला चार. त्याचा एक तारा कापला, कारण नेट मीटरच्या (लाइनला दिलेली आणि लाइनमधून घेतलेली वीज मोजणाऱ्या मीटरच्या) कागदपत्रांसाठी मलाच त्याच्यामागे फोन करत राहावं लागलं.

माल असा : पंतप्रधान सूर्यघर योजनेतली तीन किलोवॅटची ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेली सिस्टीम. सहा पॅनल, पॅनलची वीज घरच्या वापराजोगी करणारा एक इन्व्हर्टर, बॅटरी नाही. 78,000 रुपये अनुदान खात्यात जमा झालं. पॅनलखालच्या लोखंडी सांगाड्याच्या बाबतीत मात्र मी हट्ट धरला. 2020 च्या जूनमधल्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय, त्यात आमच्याकडे खारा वारा. हॉट-डिप गॅल्व्हनाइझ केलेलेच, म्हणजे गंजू नयेत म्हणून जस्ताच्या रसात बुडवलेले पाइप आणि स्टेनलेसचेच नट-बोल्ट हवेत असं सांगितलं. फिटिंगचा मुलगा म्हणाला, "काका, एवढं कोण बघत नाय." म्हटलं, बाबा, माझी नोकरी अबुधाबीतल्या रुवैसच्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट लाइन तपासण्यात गेली, मी बघतो.

उन्हाळ्यात दिवसाला बारा-तेरा युनिट पडतात. आषाढात कोंदट दिवशी तीन-चारवर समाधान मानायचं. वर्षाचा हिशेब नेट मीटर जुळवून घेतो आणि बिलात आता जवळजवळ स्थिर आकारच उरतो. शिल्लक युनिटं वाया का घालवा म्हणून दुपारचा भात-आमटी इंडक्शनवर आलीय. सिलिंडर बराच जास्त टिकतो. भाकरीसाठी मात्र सौभाग्यवती गॅस सोडायला तयार नाहीत आणि मी त्या वादात पडत नाही.

बघायला आलेला प्रत्येक जण एकच विचारतो, "चायना आहे का?"

उत्तर सरळ नाही. अनुदान हवं तर डीसीआर पॅनलच घ्यावे लागतात, म्हणजे मॉड्यूल भारतात जोडलेलं आणि आतले सेलही भारतात बनलेले. ते बिनडीसीआर मालापेक्षा महाग पडतात. पण सेल ज्या वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकतीवर बनतो तो वेफर आणि त्यामागचं पॉलिसिलिकॉन, म्हणजे शुद्ध केलेलं सिलिकॉन, अजून मुख्यतः चीनमधून येतं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने 2022 मध्ये मांडलेला हिशेब असा होता की पॅनल बनवण्याच्या प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा 80 टक्क्यांच्या वर आहे. गलवाननंतर आपण चिनी ॲप बंद केली आणि 2022 च्या एप्रिलपासून आयात मॉड्यूलवर 40 टक्के सीमाशुल्क लावलं, तरी माझ्या गच्चीचं मूळ तिकडेच सापडतं.

मग अरबांच्या तेलाऐवजी चिन्यांच्या काचा, फरक काय? हा प्रश्न आमच्या शृंगारतळीच्या नाक्यावर चहाबरोबर रोज निघतो. माझ्या मते फरक मोठा आहे आणि तो समजायला गुहागर तालुक्याइतकी चांगली जागा नाही. अंजनवेलचा एन्रॉनचा प्रकल्प आठवा. 1999 मध्ये त्या वीज प्रकल्पाचा पहिला टप्पा नाफ्त्यावर, म्हणजे खनिज तेलापासून निघणाऱ्या इंधनावर सुरू झाला. तेलाबरोबर नाफ्ता महागला, रुपया घसरला, युनिटचा दर वीज मंडळाला झेपेना, 2001 मध्ये बंद. नंतर नाव बदलून गॅसवर चालवला, तर कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस आटला आणि 2013 मध्ये पुन्हा बंद. यंत्रं शाबूत, कामगार हजर, फक्त जाळायला काही नाही. इंधन रोज लागतं, त्यामुळे ते देणाऱ्याचा हात रोज आपल्या गळ्यापाशी असतो.

2025 च्या जूनमध्ये इराण-इस्रायल युद्ध पेटलं तेव्हा आखाताच्या तोंडाशी असलेली होर्मुझची सामुद्रधुनी बंद होते की काय म्हणून सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. जगात वापरल्या जाणाऱ्या तेलाचा साधारण पाचवा हिस्सा तिथून जातो. आपला सिलिंडरचा गॅसही निम्म्याहून जास्त आयातीचा, आणि त्यातला बहुतेक त्याच वाटेने येणारा. चीनने उद्या वेफर देणं थांबवलं तर नवीन पॅनल महागतील, कारखाने अडतील. तो फटका खराच आहे : 2025 च्या एप्रिलमध्ये त्यांनी दुर्मिळ मृदा धातूंच्या चुंबकांवर निर्बंध आणले आणि पुण्यात बजाजला विजेवरच्या चेतक स्कूटरचं उत्पादन कमी करावं लागलं. पण रस्त्यावर आलेली चेतक चालतच राहिली. माझ्या पॅनलवर 25 वर्षांची वॉरंटी आहे आणि तोवर बीजिंगला मला दर महिन्याला काही पाठवावं लागत नाही.

आखातातल्यांना हे आपल्या आधी कळलंय. मी अबुधाबीत होतो तेव्हाच, 2006 मध्ये, मसदर कंपनी निघाली आणि आम्ही कॅम्पवर हसलो होतो : तेलाच्या विहिरीवर बसून ऊन विकणार! आज स्वैहानला आणि धफ्राला वाळूत लाखो पॅनल आहेत, तेही चिनी. 2023 मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याची भाषा पहिल्यांदा ठरावात आली, आणि अध्यक्षपदी होते अबुधाबीच्या तेल कंपनीचेच प्रमुख. तीच कंपनी 2018 मध्ये सौदी अरामकोबरोबर आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या नाणारच्या नियोजित रिफायनरीत निम्मी भागीदार व्हायला आली होती. जोवर तेल विकलं जातंय तोवर गिऱ्हाईक बांधून ठेवायचं, असा तो सरळ व्यवहार होता. 2019 मध्ये तो प्रकल्प नाणारमधून गुंडाळला गेला. पण कोकणातल्या कितीतरी घरांचे स्लॅब दिरहॅम-रियालवर पडलेत, माझाही. तिकडचं तेल उतरणीला लागलं तर इकडच्या मनीऑर्डरी कुठून येणार, याचा विचार नाक्यावर कोणी करत नाही.

आता ॲपला दोनच तारे का. इन्व्हर्टर चिनी कंपनीचा आहे. डीसीआरची सक्ती पॅनलला, इन्व्हर्टरला तशी नाही. तो वायफायवरून कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो आणि लांबून त्याची सेटिंग बदलता येते. पॅनल एकदा घेतलं की सुटलो, हे माझं म्हणणं इथे लंगडं पडतं. लिथुआनियाने 2024 मध्ये कायदाच केला की 100 किलोवॅटच्या वरच्या प्रकल्पांवर चीनमधून दूरनियंत्रण चालणार नाही. माझे तीन किलोवॅट कोणाच्या खिजगणतीत नसतील, पण अशी लाखो घरं एकाच वेळी बंद-चालू करता आली तर ग्रिड हलेल. मी इन्व्हर्टरला वायफाय देणारा डोंगल काढून ठेवलाय, आकडे इन्व्हर्टरच्या पडद्यावर वाचतो. तुमच्या कंत्राटदाराला आधी विचारा, काहींची वॉरंटी त्याने अडते.

आणखी एक, जे विकताना कोणी धड सांगत नाही : बॅटरी नसेल तर लाइट गेली की सोलरही बंद. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ती सोय आहे आणि ती योग्यच आहे, पण भर उन्हात पंखा थांबला की शेजारी हसतात. ज्यांच्याकडे पावसात दोन-दोन दिवस वीज जाते त्यांनी हायब्रिड, म्हणजे बॅटरीही जोडता येणाऱ्या इन्व्हर्टरचा भाव काढावा. ज्यांच्या छपरावर आंब्या-फणसाची सावली पडते त्यांनी घेऊ नये. बाकीच्यांनी खुशाल घ्या, फक्त इन्व्हर्टरच्या वॉरंटी कार्डावर सर्व्हिस सेंटर कुठलं लिहिलंय ते सही करण्याआधी पाहा. माझ्या कार्डावर पुण्याचं आहे.