मऊ ब्रेक पेडल आणि 8,750 रुपयांची लूट

माझ्या 2008 सालच्या वॅगन-आरचे ब्रेक पेडल मऊ पडून खोल जाऊ लागले होते, म्हणून मी गाडी पुण्यातील एका गॅरेजमध्ये दिली. मालकाने पेडल एकदाच दाबले आणि ‘बूस्टर गेला आहे, मास्टर सिलिंडरही बदलावा लागेल,’ असे सांगितले. बूस्टर म्हणजे पायाचा जोर वाढवणारा भाग, आणि मास्टर सिलिंडर म्हणजे पेडल दाबताच ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप. बूस्टरचे 4,200, मास्टर सिलिंडरचे 2,350, ब्रेक ऑइलचे 450 आणि मजुरीचे 1,750, असे 8,750 रुपये त्याने रोख घेतले व साध्या कागदावर हिशेब लिहून दिला.

त्याला त्या पहिल्या वाक्यालाच अडवायला हवे होते, हा सल अजून जात नाही. बूस्टर निकामी झाला की पेडल दगडासारखे कडक होते. मऊ होत नाही. मास्टर सिलिंडरचे आतले रबर गेले असेल, तर दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली बसत जाते. अर्ध्या मिनिटाची ही तपासणी त्याने केलीच नाही. परंतु घरच्यांना घेऊन खंबाटकी घाट उतरणाऱ्या माणसाला ब्रेकच्या बाबतीत हुज्जत घालणे सुचत नाही, आणि याच भीतीवर असल्यांचा धंदा चालतो. शिवाय ऑइल भरून लाइनमधील हवा काढल्यामुळे पेडल काही काळ खरोखरच घट्ट लागले. मग शंका यावी तरी कशी?

ऑइलची पातळी पुन्हा उतरली, तेव्हा दुसऱ्या मेकॅनिकने मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक ड्रम उघडला. ऑइलच्या दाबाने त्या चाकाचा ब्रेक लावणारा छोटा व्हील सिलिंडर गळत होता आणि लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारे पट्टे, ऑइलने भिजले होते. ‘नवा’ बूस्टर तर जुनाच होता, वरून काळा रंग फासलेला. नटांवरचा गंजही तसाच होता. खरी दुरुस्ती 1,530 रुपयांत झाली. काढलेला जुना भाग हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका.

पोलीस चौकीत ‘ही दिवाणी बाब आहे, पक्के बिल आणा,’ एवढेच उत्तर मिळाले. ज्याने बिल देणेच टाळले, त्याच्याविरुद्धच्या तक्रारीला पुरावा म्हणून बिलच मागायचे, हा कुठला न्याय? गळका ब्रेक ‘दुरुस्त’ म्हणून रस्त्यावर सोडणे हा जिवाशी खेळ आहे, हे मी परोपरीने सांगितले. समोरच्या अंमलदाराने मान वर करून पाहिलेही नाही. परिवहन कार्यालयात तर ‘गॅरेजवाल्यांशी आमचा संबंध नाही’ म्हणून दारातूनच परत पाठवले.

रोख देऊच नका. ऑनलाइन पैसे दिले की निदान नोंद राहते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही आणि मुदत 2 वर्षांची असते. तो कागद, रंगवलेल्या बूस्टरची छायाचित्रे आणि दुसऱ्या मेकॅनिकचे लेखी म्हणणे जोडून मी तेथे तक्रार दाखल करीत आहे.