युरोप ग्रुप टूरचा रिव्ह्यू, फक्त जेवणापुरता

पुण्यातल्याच एका टूर कंपनीबरोबर सासूबाईंना घेऊन युरोप करून आलो. बस, हॉटेलं, साइटसीइंग सगळं ठीक होतं, त्याचे रिव्ह्यू ढिगाने आहेत म्हणून मी परत लिहीत नाही. मी फक्त जेवणाबद्दल लिहितेय, कारण बुकिंगच्या आधी मी हेच शोधत होते आणि जिथे तिथे एकच वाक्य, 'रोज इंडियन जेवण मिळतं, अजिबात हाल होत नाहीत'. मिळतं, खोटं नाही. पॅरिसला पनीर, ल्युसर्नला पनीर, व्हेनिसच्या बाहेर पण पनीर. आईंना चालतं, माझ्या नवऱ्यालाही चालतं, मला नाही चाललं. एवढे पैसे खर्च करून तिथलं काही खायचंच नाही का?

खरा घोळ वेळेचा आहे. फ्रान्स-इटलीत चांगल्या साध्या हॉटेलांचं किचन दुपारी १२ ते साधारण अडीच चालू असतं, मग थेट संध्याकाळी सात-साडेसातला. आपल्याला फ्री टाइम देतात तीन ते पाच, म्हणजे नेमकं तेव्हा उघडं काय तर फोटोवालं मेनूकार्ड बाहेर लावलेली दुकानं, आणि साडेसहाला बस इंडियन रेस्टॉरंटच्या दारात, कारण तिथे आपल्यामागे दुसरी बॅच उभी असते.

पॅरिसला हॉटेलजवळ मेट्रो होती म्हणून मी आणि नवरा एक डिनर सोडून माँपार्नासला गेलो. फ्रान्सच्या पश्चिमेकडच्या ब्रिटनी प्रांतातल्या गाड्या तिथल्या स्टेशनला येतात, त्यामुळे तिकडची माणसं तिथेच आसपास वसली आणि त्या भागात क्रेप, म्हणजे तिकडची पातळ धिरडी, करणारी दुकानं एकाला एक लागून आहेत. गोड क्रेप गव्हाच्या पिठाचे असतात, पण खायचं ते गॅलेट, कुट्टूच्या (बकव्हीटच्या) पिठाचं, खारं. बाई समोर काळ्या गोल तव्यावर पातळ पीठ ओतते, लाकडी टी आकाराच्या दांडीने एका फेरीत पसरवते, कडा जाळीदार होऊन सुटायला लागल्या की मध्ये चीज, मशरूम, अंडं आणि चारी बाजू आत दुमडून चौकोन, पिवळा बलक मधोमध दिसत राहतो. कडेला कुरकुरीत, मध्ये मऊ. 'कॉम्प्लेट' नावाच्या नेहमीच्या गॅलेटमध्ये हॅम असतं, ते नको म्हणून आधीच सांगायचं. अंडं न खाणाऱ्यांनी पिठात अंडं आहे का तेही विचारा, काही ठिकाणी घालतात. पाण्यासाठी 'काराफ दो' म्हणा, नळाचं पाणी फुकट येतं, नाहीतर बाटलीचे पैसे लागतात.

ब्रुसेल्सला मात्र राग आला. मॅनेजरने सगळ्यांना फ्राइजचे कोन दिले, 'प्युअर व्हेज स्नॅक' म्हणून. बेल्जियन फ्राइज दोनदा तळतात आणि पारंपरिक पद्धत बीफच्या चरबीत तळायची आहे हे मला माहीत होतं, म्हणून फ्राइजच्या गाडीवाल्याला विचारलं, तो शांतपणे हो म्हणाला. आमच्यात एक माळकरी काका होते, त्यांनी कोन तसाच मॅनेजरच्या हातात परत दिला आणि दिवसभर त्याच्याशी बोलले नाहीत. वनस्पती तेलात तळणारे पण असतात, फक्त विचारावं लागतं आणि ते काम कंपनीचं आहे.

चीजचं पण तसंच. खऱ्या पार्मेजानोत दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट नियमानेच घालतात, ग्रुयेरमध्येही असतं. मी खाल्लं, आईंना सांगून ठेवलं, त्यांनी स्वित्झर्लंडला फॉन्ड्यू (वितळलेलं चीज, त्यात पाव बुडवून खातात) सोडून रोश्टी घेतली. किसलेला बटाटा बटरमध्ये परतून दोन्हीकडून खरपूस केलेला. बेकन नसलेली सांगायची.

फ्लॉरेन्सला नशिबाने मोकळी दुपार होती. मेर्काटो चेंत्राले म्हणजे १८७४ सालचं लोखंड-काचेचं मार्केट, खाली भाज्या-मटण, वर खाण्याचे स्टॉल. मार्केट बघितलं आणि मागच्या गल्लीतल्या छोट्या हॉटेलात रिबोलिता घेतलं. शिळा पाव, पांढरे बीन्स, केल नावाची काळसर पालेभाजी, गाजर, कांदा, सगळं शिजून इतकं घट्ट की चमचा उभा राहील, वरून कच्चं ऑलिव्ह ऑइल. आईंनी आधी वास घेतला, मग एक चमचा, मग म्हणाल्या, "अगं हा तर कुस्कराच की, मीठ दे जरा." तिथल्या पावात मीठच नसतं, टस्कनीची, म्हणजे फ्लॉरेन्सच्या भागाची जुनी पद्धत आहे. पर्समधून लसणाची चटणी निघाली, वाटी चाटूनपुसून साफ. बिलात 'कोपेर्तो' लावला म्हणून शेजारच्या टेबलावरचे आपलेच लोक वेटरशी भांडत होते, ती फसवणूक नाही, माणशी दोन-तीन युरो बसण्याचे घेतात आणि मेनूवर लिहिलेलं असतं.

रोमला कंपनीचं 'ऑथेंटिक इटालियन डिनर' होतं, तेच काय ते पॅकेजमधलं स्थानिक डिनर. क्रीममध्ये बुडवलेलं गिळगिळीत पेन्ने. एफसी रोडवर कॉलेजच्या पोरांना याहून बरा व्हाइट सॉस पास्ता मिळतो. रोमचा काचियो ए पेपे म्हणजे पेकोरिनो चीज, मिरी आणि पास्त्याचं पाणी, बास, क्रीमचा थेंब नाही, आणि तो गल्लोगल्ली मिळतो.

आईंकडून जेवणाला पाचपैकी पाच, माझ्याकडून दोन, आणि ते दोन पण नाश्त्याच्या ब्रेडसाठी. बुक करायच्या आधी विचारा की किती डिनर वगळता येतात आणि त्याचे पैसे कमी होतात का (आमचे नाही झाले), आणि हॉटेल गावात आहे की हायवेवर, कारण हायवेवर असेल तर पनीरला पर्याय नाही. आणि घरचं तूप नेऊ नका, बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, चिवडा न्या खुशाल.